मोड आणि अग्नी

आषाढात सकाळी आठ वाजता लोणावळ्याच्या या निसर्गोपचार केंद्राच्या खिडकीतून समोरचा डोंगर तर सोडाच, अंगणातलं झाडही धड दिसत नाही. दाट धुकं आणि संततधार. भोजनगृहात मात्र लगबग असते. मुंबई, ठाणे, नाशिककडून आलेली मंडळी रांगेत उभी राहून स्टीलची ताटली घेतात. ताटलीत वाटीभर मोड आलेले मूग, किसलेलं गाजर, काकडीच्या चकत्या, डाळिंबाचे थोडे दाणे आणि लिंबाची फोड. मीठ नाही, फोडणी नाही, विस्तवाशी कशाचाच संबंध आलेला नाही. कोणी साखर आटोक्यात आणायला आलेलं असतं, कोणी वजन उतरवायला, कोणाला वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ. सगळे मन लावून चावत असतात.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘कच्चं-पक्कं’ असा विषय कळवला, तेव्हा मी ठरवलं की या ताटलीपासून सुरुवात करायची आणि मावळात जिथं जिथं दाण्याला मोड येतो तिथं जाऊन बघायचं. तशा जागा पुष्कळ निघाल्या. बाजारातल्या पाट्या, कामशेतकडचे भातशेतकरी, कार्ल्याच्या एकवीरेच्या वाटेवरची घरं, आंदर मावळातल्या चुली. या फिरण्यातून एक गोष्ट मला पक्की पटली. मोड येणं हे दाण्यानं स्वतःच सुरू केलेलं पचन आहे, पण ते अर्धवट असतं. उरलेलं काम चुलीवर सोपवायचं की पोटावर, हे माणूस आणि ऋतू बघून ठरवावं लागतं. ताटलीकडे बघून ते ठरत नाही.

फडक्यातली मटकी

लोणावळ्याच्या बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत मोडाची कडधान्यं घेऊन बसणाऱ्या बायका असतात. पाटीवर ओलं फडकं, त्याखाली मटकी, मूग, हरभरे, चवळी, हिरवे वाटाणे यांचे वेगवेगळे ढीग. गिऱ्हाईक अजूनही पावशेरानं मागतं. त्यांतल्या एका मावशींशेजारी पोत्यावर बसून मी त्यांचं काम समजून घेतलं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात हयातीचा अंदाज लागतो.

मटकी निवडताना आधी खडे आणि ‘गणंग’ दाणे काढायचे. गणंग म्हणजे कितीही भिजवला तरी न फुगणारा, दाताखाली आला तर दात दुखवणारा दाणा. संध्याकाळी मटकी कोमट पाण्यात भिजत घालायची. सकाळी फुगलेली मटकी रोवळीत उपसायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि मगच फडक्यात बांधायची. पाणी राहिलं तर मोड येण्याआधी वास येतो. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात. थंडीत गाठोडं चुलीजवळ किंवा पिठाच्या डब्यात दडपून ठेवलं तरी दुसरा दिवस उजाडतो. पावसाळा सगळ्यांत वाईट. हवेत इतका ओलावा असतो की फडकं सुकतच नाही. मोड भराभर येतात आणि तितक्याच भराभर मटकीला तार सुटते. मावशी गाठोड्यात हात घालतात, बोटं एकमेकांवर घासतात आणि नाकाशी नेतात. बुळबुळीत लागलं की तो सगळा घाणा गुरांना.

त्या स्वतः मटकी कच्ची खात नाहीत. चिमूटभर तोंडात टाकतील, तेवढंच. घरी तिची उसळच होते, कांद्यावर, वरून ओलं खोबरं आणि लिंबू. केंद्रांमधले पाहुणे कच्ची खायला नेतात, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी त्या मोड आखूड असतानाच पाटी भरतात, कारण लांब मोडाची मटकी कच्ची खाताना तुरट लागते असं त्यांचं म्हणणं.

दाण्याच्या आत

कामशेतच्या पुढं नाणे मावळाच्या बाजूला भात हेच मुख्य पीक. इथला इंद्रायणी तांदूळ पुण्या-मुंबईत नावाजलेला आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून तो तयार केला आणि 1987 मध्ये तो लागवडीसाठी आला. भाताची रोपं करायची नेहमीची रीत म्हणजे राब भाजून, जमीन कोरडी असतानाच बी पेरायचं. पण पाऊस लवकर लागला की ही रीत मोडते. 2025 साली मे महिन्यातच मॉन्सून आला, वाफ्यात चिखल झाला, कोरडी पेरणी राहून गेली. अशा वेळी भाताला आधी मोड आणून ते चिखलावर फेकतात. याला ‘रहू’ म्हणतात.

एका शेतकरी दादांनी मला ते सगळं करून दाखवलं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ. त्यात बी ओतायचं, तरंगलेलं पोचट काढून टाकायचं. तळाचं बी दोन-तीनदा स्वच्छ धुऊन दिवसभर पाण्यात ठेवायचं. मग पोत्यात भरून, वर पेंढा आणि दगड. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि मला आत हात घालायला सांगितला. बाहेर गारठा, कपडे अंगाला चिकटलेले, आणि पोत्याच्या मध्यावर चांगली ऊब. “चटका बसला तर बी मेलं समजा,” दादा म्हणाले. म्हणून ते मधूनमधून पोतं उलटंपालटं करतात, पाणी शिंपडतात.

ती ऊब दाण्याच्या श्वसनाची. कोरड्या दाण्यात गर्भ निजलेला असतो आणि त्याच्याभोवती त्याची शिदोरी बांधलेली असते. तांदळात-गव्हात पिष्ट जास्त, मूग-मटकीत पिष्टाबरोबर प्रथिनं भरपूर. पाणी शिरलं की भाताच्या गर्भाकडून जिबरेलिन नावाचं संप्रेरक सुटतं. सालीलगतचा पेशींचा थर ते ओळखतो आणि अमायलेज हे विकर तयार करू लागतो. अमायलेज पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून साखर करतं, प्रोटिएज प्रथिनांचे तुकडे करतं, फायटेज फायटेटमध्ये अडकलेला फॉस्फरस सोडवतं. फायटेट फुटतं तेव्हा त्यानं धरून ठेवलेलं लोह आणि जस्तही मोकळं होतं. आपल्या तोंडात, जठरात, आतड्यात जे घडतं, त्याच्याशी हे पुष्कळ मिळतंजुळतं आहे. फरक एवढाच की दाणा हे स्वतःच्या कोंबासाठी करतो आणि आपण मध्येच त्याला थांबवून खातो.

किती मध्ये, हे महत्त्वाचं. एक-दोन दिवसांच्या मोडात थोडंच पिष्ट फुटलेलं असतं. बाकीचं घट्ट कणांच्या रूपात जसंच्या तसं असतं. कच्च्या पिष्टाचे हे कण आपल्या विकरांना सहजासहजी दाद देत नाहीत. पाण्यात शिजवल्यावर ते फुगतात, फुटतात, आणि मगच ते झटपट पचतात.

आणखी एक सांगायला हवं. मिठाच्या पाण्यानंतर पुष्कळ शेतकरी बियाण्याला बुरशीनाशक चोळतात, आणि पाकिटातलं बियाणं तर रंग लावूनच येतं. पेरायला आणलेलं मूग-मटकीचं बी उरलं म्हणून भिजवून खाणं हा जिवाशी खेळ आहे. मोड आणायचे ते किराण्यातल्या खायच्या कडधान्याला.

कच्चं कुठून आलं

लोणावळा आणि योग ही जोडी जुनी. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 मध्ये इथं कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही काढलं. पोट हा त्यांच्या संशोधनाचा अगदी पहिला विषय. बडोद्यात क्ष-किरणांच्या आणि दाबमापकाच्या मदतीनं त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया तपासल्या. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणूनच बस्तीत पाणी आपोआप आत ओढलं जातं, हे त्यांनी मोजून दाखवलं. आपल्या गुरूंच्या, माधवदासजींच्या नावावरून त्यांनी या स्थितीला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं योगक्रियेला दाबमापक लावावा, ही गोष्ट मला आजही थरारून टाकते.

पण योगाची परंपरा कच्चं खा म्हणत नाही. कैवल्यधामानंच संपादित करून छापलेल्या हठप्रदीपिकेत योग्याचा आहार सांगितला आहे. गहू, साठ दिवसांत येणारी साळ, जव, दूध, तूप, सुंठ, पडवळ, मूग. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायचा. हे सगळं स्निग्ध, रांधलेलं अन्न आहे आणि मोडांचं तिथं नाव नाही.

विस्तवाशिवायचं जेवण आपल्याकडे आलं ते बरंचसं युरोपातून. लाइपझिगचे लुई कुन्हे, ‘निसर्गाकडे परत’ म्हणणारे आडोल्फ युस्ट, झुरिकचे डॉ. बिर्शर-बेनर या मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला निसर्गोपचाराची चळवळ उभी केली. गांधीजींनी कुन्हे आणि युस्ट दोघांनाही वाचलं होतं. त्यांच्यामुळे हा विचार भारतात रुजला आणि पुणे जिल्ह्यात तर 1946 मध्ये उरुळी कांचनला त्याचं मोठं केंद्र उभं राहिलं.

खुद्द गांधीजींनी मोडाचा प्रयोग स्वतःवर केला होता. 1929 च्या जूनमध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी आपला न शिजवलेला आहार तोळ्यांत मांडला. आठ तोळे मोड आलेले गहू, आठ तोळे वाटलेले बदाम, आठ तोळे कुटलेला पाला, लिंबं, मध. आठवड्यातून दोन-तीनदा गव्हाऐवजी मोडाचे हरभरे. आठ तोळे म्हणजे नव्वद ग्रॅमच्या आसपास. आश्रमातले बरेच जण त्यांच्याबरोबर उतरले. पुढं ऑगस्टमध्ये आमांशानं गाठलं आणि प्रयोग थांबवून त्यांना शेळीच्या दुधावर यावं लागलं. त्यांनी तेही तितक्याच मोकळेपणानं छापलं. कच्च्या आहाराच्या पुस्तिकांत या प्रयोगाचा पूर्वार्धच सांगितला जातो. उत्तरार्ध महिन्यासकट सांगायला हवा, कारण तो पावसाळा होता.

एकवीरेच्या वाटेवरचं बिरडं

कार्ल्याच्या लेण्याशेजारी एकवीरा देवी. कोळी समाज तिला मानतो आणि पुष्कळ चांद्रसेनीय कायस्थ प्रभू (सीकेपी) घराण्यांची ती कुलदेवता आहे. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान नऊ दिवसांत वीतभर वाढतं आणि दसऱ्याला त्याचे पिवळसर तुरे देवाला वाहून टोपीत, कानावर खोवले जातात. ते धान कोणी खात नाही.

खायचे मोड म्हणजे वालाचे. सीकेपी घरातलं बिरडं मी करताना पाहिलं. कडवे वाल रात्रभर भिजत, मग उपसून बांधून ठेवायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे, साल सैल होते. मग घरातल्या दोन-तीन जणी परातीभोवती बसतात. वालाचं एक टोक चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर येते. साल एकीकडे, डाळिंबी दुसरीकडे, मोड तुटू द्यायचा नाही. भिजवलेलं पाणी आणि सालं दोन्ही टाकून द्यायची. नंतर ओलं खोबरं, चिंच किंवा आमसूल, गूळ, आणि मंद आचेवर वाल मऊ होईपर्यंत शिजवायचं. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर एका मराठी बाईंनी प्रयोगशाळेत शोधलं.

कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गा भागवतांच्या भगिनी. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या आणि पुढं मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्या रोजच्या डाळी-कडधान्यांवर काम केलं. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचं प्रथिन पचवणारं विकर येतं. त्यालाच अडवणारे पदार्थ कडधान्यांत असतात. किडीनं-प्राण्यानं दाणा खाऊन पचवू नये, यासाठी झाडानं केलेली ती तजवीज. वाल आणि डबल बी यांतले हे ट्रिप्सिनरोधक सोहोनींनी आपल्या सहकाऱ्याबरोबर स्फटिकरूपात वेगळे केले आणि 1955 मध्ये ते काम ‘नेचर’मध्ये छापून आलं.

मोड आणल्यानं हे रोधक काही प्रमाणात उतरतात, जात नाहीत. पाण्यात नीट शिजवल्यावर त्यांचा जोर मोडतो. वालाला कडवटपणा देणारी इतर द्रव्यंही भिजवण्यात आणि शिजवण्यात कमी होतात. म्हणजे बिरड्यातली एकही पायरी फुकटची नाही. वाल, पावटा, राजमा, डबल बी, सोयाबीन यांचे मोड कच्चे खाऊ नयेत. राजम्यातलं लेक्टिन तर इतकं जहाल की चार-पाच कच्चे दाणेही उलट्या करवतात, आणि ते घालवायला खळखळून उकळावं लागतं. कच्चं खायचंच तर मूग आणि मटकी, फार तर हरभरा. मुगाला आपल्याकडे पथ्याचं मानतात, ते उगीच नाही.

पोटात गेल्यावर

केंद्रातल्या पाहुण्यांशी बोलताना एक तक्रार वारंवार ऐकू आली. पहिले दोन-तीन दिवस पोट डब्ब होतं, गुडगुडतं, वारा सरत राहतो. त्यांना सांगितलं जातं की शरीरातली घाण बाहेर पडतेय. मला हे स्पष्टीकरण मान्य नाही. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बॅस्कोज अशा शर्करा असतात आणि त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. यात घाण नाही, आणि रोगही नाही. भिजवलेलं पाणी टाकलं आणि चांगले दोन दिवस मोड येऊ दिले तर या शर्करा बऱ्याच घटतात, कारण कोंब त्या स्वतःच वापरतो. अर्धा दिवस भिजवून जेमतेम टोक फुटलेले मूग वाढले तर त्रास जास्त होणारच. रोज थोडं थोडं खात गेलं की काही आठवड्यांत पोट सरावतं, हेही खरं. केंद्रात माणूस येतो आठवड्यासाठी आणि पहिल्याच सकाळी त्याला वाटीभर मोड मिळतात. सरावायला वेळ कुठला?

दुसरी समजूत ‘जिवंत विकरां’ची. कच्च्या मोडातली विकरं पोटात जाऊन आपलं पचन करून देतात, असं आवर्जून सांगितलं जातं. विकरं ही प्रथिनं आहेत. जठरातल्या तीव्र आम्लात त्यांची घडी मोडते आणि इतर प्रथिनांसारखीच ती पचून जातात. मोडांचा फायदा होतो तो त्यांनी गाठोड्यात असताना केलेल्या कामाचा. ते काम खाण्याआधी झालेलं असतं आणि वाफवल्यानं पुसलं जात नाही.

दात हा तिसरा मुद्दा, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कच्ची मटकी बारीक चावली गेली नाही तर तिच्या पेशींच्या भिंती शाबूत राहतात आणि आतलं अन्न विकरांच्या हातीच लागत नाही. कवळी लावणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना आणि तिशीतल्या धावपटूला एकच ताटली देणं मला चुकीचं वाटतं.

आपल्या स्वयंपाकघरात कच्चं कडधान्य मुळीच नाही, असं मात्र नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ आठवा. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, कैरीचा कीस, मिरची, आणि वर हिंगाची सणसणीत फोडणी. डाळ कच्चीच. पण वाटलेली, आंबट, हिंग घातलेली आणि वाटीत दोन चमचे. मोडाच्या मुगाची कोशिंबीर करतानाही हिंग-मोहरीची फोडणी वरून येते आणि ती पानात डाव्या बाजूला वाढतात. कोणा आजीनं कोशिंबिरीवर सबंध जेवण उरकल्याचं मी ऐकलेलं नाही.

कुटच्या वेढ्यातून आलेला पुरावा

कच्च्या मोडांच्या बाजूनं जे खरंखुरं आहे ते मात्र भक्कम आहे, आणि त्यात मराठी पलटणींचाही भोग आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुट-अल-अमारा इथं तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढलं. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. आत 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. भाजीपाला संपला. गोरे शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत ते नाकारलं, आणि त्यांच्यात हिरड्या सुजवणारा, जुन्या जखमा उघडणारा स्कर्व्ही पसरला. उलट पांढऱ्या पिठाच्या पावावर राहिलेल्या गोऱ्यांना बेरीबेरीनं धरलं. कोंड्यासकट आटा खाणारे आपले लोक त्यातून बरेचसे वाचले.

याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघी स्कर्व्ही रोखणारे पदार्थ गिनीपिगांवर तपासत होत्या. कोरड्या डाळीत स्कर्व्ही रोखण्याची ताकद जवळजवळ नाही, पण तीच भिजवून मोड आणले की ती ताकद येते, हे त्यांनी दाखवलं आणि फौजेला मोडाची कडधान्यं द्यायची शिफारस केली. पोत्यातून वर्षभर टिकणारं धान्य, लागतं फक्त पाणी आणि फडकं, आणि दोन दिवसांत ताजं औषध तयार. आज आपण त्याला क जीवनसत्त्व म्हणतो. शंभर ग्रॅम मोडाच्या मुगात ते साधारण तेरा मिलिग्रॅम मिळतं. चिक यांनी तेव्हाच बजावलं होतं की मोड फार शिजवले तर हा गुण जातो.

म्हणून उसळ गाळ होईपर्यंत शिजवू नये. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ, मूग बोटानं दबेल इतका, आणि खाली उतरवल्यावर लिंबू. मोडातलं उरलेलं आणि लिंबातलं, दोन्ही मिळून लोह शोषायला मदत करतात.

मावळातला पाऊस आणि अग्नी

कार्ल्याजवळ आयुर्वेदाचं मोठं केंद्र आहे, लोणावळ्यात निसर्गोपचाराची केंद्रं. दोन्हीकडे जाणारे लोक एकाच लोकलनं मळवली-लोणावळ्याला उतरतात, पण मोडांबद्दल या दोन शास्त्रांची मतं एकमेकांच्या उलट आहेत. चरकसंहितेत मोड आलेलं धान्य जड पदार्थांत मोजलं आहे. सुश्रुत त्याला विदाही आणि विष्टंभी म्हणतो, म्हणजे जळजळ करणारं आणि पोट धरून ठेवणारं. वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो, तेव्हा हलकं, गरम खावं, असंही हे ग्रंथ सांगतात.

अग्नी मंद होतो की नाही, हे प्रयोगशाळेत मोजता येणार नाही. पण लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि तेव्हा विहिरी, झरे, टाक्या गढूळ होतात, जुलाबाच्या साथी येतात. अशा पाण्यात भिजवलेलं, पंचवीस-तीस अंशांच्या उबेत दोन दिवस बांधून ठेवलेलं कडधान्य जिवाणूंनाही तितकंच मानवतं. दाण्याच्या सालीवर शेतातून आलेला एखादा जिवाणू असला तर तो या वेळात लाखोंनी वाढतो. फटीत शिरलेला धुऊन निघत नाही. 2011 मध्ये जर्मनीत लोअर सॅक्सनीतल्या एका मोडांच्या शेतातून ई. कोलायची साथ पसरली. मूळ होतं इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांत. साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. तिथली स्वच्छता आपल्या बाजारापेक्षा कमी नव्हती. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी कच्चे मोड टाळावेत, असं अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासनही सांगतं. मधुमेही, मूत्रपिंडाचे आजारी, केमोथेरपी घेतलेले लोक अशा केंद्रांत येतात. जून ते सप्टेंबर या काळात त्यांना मोड वाफवूनच द्यावेत, भिजवायचं पाणी उकळलेलं असावं आणि मोड केंद्रातच काढावेत, असं मला ठामपणे वाटतं. थंडीत, कोरड्या हवेत, धडधाकट माणसानं मूठभर मूग कच्चे खाल्ले तर माझी ना नाही.

मावळातली घरं पावसाळ्यात काय खातात ते बघावं. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं. कुळथाचं पीठ पाण्यात कालवून, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन, गरमगरम प्यायचं. लावणीहून ओलंचिंब होऊन आलेल्या माणसाच्या हातात आधी तेच देतात.

चमचाभर नाचणी

आंदर मावळात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई होते. तिथं एका घरी सुनेला सहा-सात महिन्यांचं बाळ होतं आणि सासूबाई नाचणीचं सत्त्व करत होत्या. हे काम पावसात करत नाहीत, नाचणी वाळत नाही आणि बुरशी धरते. दिवाळीनंतर ऊन पडलं की हात घालायचा.

नाचणी तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत ठेवतात, उपसून बांधतात, दीड-दोन दिवसांत पांढरे केसासारखे मोड येतात. मग सावलीत वाळवायची, मोड चोळून झाडायचे, लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर शेकायची. वास सुटला की लगेच उतरवायची. खरपूस करायची नाही, यावर सासूबाईंचा भारी कटाक्ष. दळून वस्त्रगाळ करायची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण बाळासाठी मोलाची गोष्ट वेगळीच आहे.

तान्ह्याचं पोट मुठीएवढं. तांदळाची पेज पातळ केली तर त्यात पाणीच जास्त जातं, जाड केली तर बाळाला गिळवत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात याच अडचणीवर काम केलं. मोड आणलेल्या धान्याचं पीठ थोडंसं जाड पेजेत मिसळलं की त्यातलं अमायलेज पिष्टाच्या साखळ्या तोडतं आणि पेज पाणी न घालताच सैल होते. तेवढ्याच घासात जास्त ऊर्जा पोटात जाते. पीठ खरपूस भाजलं तर अमायलेज मरतं आणि पेज जाडच राहते. सासूबाईंची मंद आच ती याचसाठी.

त्यांनी करून दाखवलं. तांदळाची पेज डावाला चिकटून राहील इतकी घट्ट शिजवली, भांडं खाली उतरवून वाफ जरा ओसरू दिली, मग चमचाभर सत्त्व घालून ढवळत राहिल्या. दोन-तीन मिनिटांत पेज डावावरून धारेनं खाली पडू लागली. मग भांडं पुन्हा चुलीवर, एक चांगली उकळी, आणि थोडं तूप. उकळी का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “कच्चं पीठ बाळाला कुठं सोसतंय, बाई.”